शेठचं घड्याळ आणि पंढरीचा हात

भित्रा माणूस म्हटलं की निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीत पंढरी भोईरचंच नाव निघायचं, आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. तो भित्रा होताच. डॉक्टरच्या सुईला भ्यायचा, कुत्र्याला भ्यायचा, एसटीच्या कंडक्टरला भ्यायचा. तिकीट काढलेलं असलं तरी ते मुठीत इतकं घट्ट धरायचा की उतरताना त्याचा लगदा झालेला असे. खाकी रंगाचा तर त्याने असा धसका घेतला होता की दारात पोस्टमन दिसला तरी स्वतः आत जाऊन बायकोला पुढे करायचा.

"एखाद दिवशी मनीऑर्डर परत जाईल तुमच्या पायी," तुळजा म्हणायची.

"मनीऑर्डर धाडणारं आपलं हाय कोण?" पंढरी म्हणायचा. ते खरंच होतं.

पण हाच माणूस चालत्या लूमसमोर, म्हणजे यंत्रमागासमोर, उभा राहिला की निराळा होई. फखरुद्दीनशेठच्या कारखान्यात तो जॉबर होता. म्हणजे अडलेला, बिघडलेला लूम चालता करून देणारा. आडवा धागा नेणारा धोटा सुटून कानाजवळून गेला तरी त्याची पापणी हलत नसे. पट्टा फिरत असताना आत हात घालून तो खीळ बसवायचा, आणि नवे कामगार डोळे मिटून घ्यायचे. अकलोलीहून पोरवयात आला तेव्हा शेठनेच त्याच्या हातात पहिला पान्हा दिला होता. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळे हातांनी बोलत. दोन बोटं एकमेकांवरून झटकली की धागा तुटला. कपाळाला हात लावला की मालक आले. पंजा खांद्यावर ठेवला की गठ्ठा उचला, माल बाजारात न्यायचा आहे. गाल तळहातावर टेकवला की झोपलास काय. ही भाषा पंढरी शेठकडूनच शिकला. तेव्हा शेठ स्वतः लूमवर उभे राहत.

पुढे शेठचे लूम वाढले आणि मनगटावर ते घड्याळ आलं. जहाजावर नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने आणून दिलेलं. स्विस. सोनेरी कडांचा साखळीचा पट्टा, पांढरी तबकडी, तिच्यात तारखेची छोटी खिडकी. शेठ ते कारखान्यात सगळ्यांना दाखवायचे. "ह्याला चावी नाही. माणूस हालला की हे चालतं. आपण काम करतो म्हणून ते काम करतं." असं म्हणून ते कानाला लावायचे आणि हसायचे.

मागच्या हिवाळ्यात शेठना लकवा झाला आणि डावी बाजू गेली. डाव्या मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या दिवशी बंद पडलं. उजव्या हाताला बांधून पाहिलं. पण अंथरुणातल्या माणसाचा हात हालून हालून किती हालणार? थोडं चालायचं, परत थांबायचं. एका हाताने त्याची खुंटी फिरवता येईना, आणि कुणाला सांगायचं तर शेठचा स्वभाव आडवा येई. आजारापेक्षा त्या बंद पडण्यानेच ते जास्त खचले.

पंढरी रोज सकाळी सूत, माल, कुठला लूम बंद, हे सांगायला त्यांच्या खोलीत जायचा. एकदा शेठ हळूच म्हणाले, "पंढरी, दार लोट." त्याने लोटलं. "हे हातात बांध. दिवसभर बांध नि संध्याकाळी आणून दे. तुझा हात दिवसभर चालतो."

पंढरी दाराकडे सरकला. "शेठ, मी? सिराजभाईंना द्या की."

"सिराजला दिलं तर ते सिराजचं झालं. मुलाच्या हातात बापाचं घड्याळ गेलं की गावाला काय कळायचं ते कळतं. मी अजून आहे." शेठनी दाराकडे पाहिलं. "आणि घरात बोलू नको. म्हणतील, म्हाताऱ्याचं घड्याळपण आता नोकर चालवतो."

शेठचा शब्द मोडायचीही पंढरीला भीतीच वाटे. तेव्हापासून ते घड्याळ त्याच्या डाव्या हाताला असे. मनगटाच्या वर सरकवलेलं, त्यावर फडकं गुंडाळलेलं, त्यावर पूर्ण बाहीचा सदरा. उकाड्यात सगळे बनियनवर काम करत आणि हा सदरा घालून. विणकर बाळारामला एकदा राहवलं नाही.

"दादा, हाताला काय झालंय?"

"लचकलाय."

"कवाचा?"

"झालं थोडं दिवस."

"तुमच्याच गावात गरम पाण्याची कुंडं, आणि तुमचाच हात लचकलेला. अकलोलीला जाऊन बुडवून या की." आणि दुसऱ्या दिवशी बाळारामने खरंच चोळायला तेल आणून दिलं. पंढरीने ते घेतलं. खोटं बोलल्याबद्दल रोज रात्री तो ते तेल उजव्या, धडधाकट हाताला लावायचा.

संध्याकाळी तो घड्याळ परत न्यायचा. शेठ ते कानाला लावायचे, डोळे मिटून थोडं ऐकायचे आणि म्हणायचे, "चालतंय." मग पंढरी मोकळा श्वास घ्यायचा. ते आणीबाणीचे दिवस होते. परदेशी मालावर धाडी पडतात, पावती नसली की आत टाकतात, असं जो तो बोलायचा. घड्याळाला पावती नव्हती. मेव्हण्याने खिशातून काढून दिलेल्या वस्तूला कसली पावती? शेठच्या घरून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर पंढरीला आपला डावा हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा.

पावसाळा लागला, सुताचे भाव चढले आणि शेठचे निम्मे लूम बंद झाले. व्यवहार आता सिराज बघत होता. वाईट नव्हता तो, पण चारी बाजूंनी अडकला होता. धाकटी बहीण इशरत हिचा ठाण्याला शिक्षिकेच्या शिक्षणासाठी नंबर लागला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "या वर्षी नको. पुढच्या वर्षी बघू." आलेलं पत्र इशरतने घडी करून कपाटात ठेवलं.

त्यानंतर एका गुरुवारी सकाळी शेठ पंढरीला म्हणाले, "आज संध्याकाळी घड्याळ परत आणू नको."

पंढरीला कळेना.

"विक ते. मंडईजवळ रामनाथ घड्याळवाला आहे ना, त्याच्याकडे ने. इतकी वर्षं तोच साफ करतो, त्याला त्याची किंमत माहीत आहे. पैसे माझ्या हातात आणून दे. इशरतची फी भरायची आहे."

"शेठ, सिराजभाईंना..."

"सिराजला मीच सांगेन, फी भरल्यावर. आधी कळलं तर त्याला वाटेल, बापाला घड्याळ विकायला लावलं मी. विकू देणार नाही तो. आणि पोरीचं वर्ष जाईल." शेठनी उजव्या हाताने त्याचा दंड धरला. "तुझ्याशिवाय कोण आहे मला बाजारात पाठवायला?"

त्या दिवशी कारखाना सोडून जाणं शक्य नव्हतं. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा उद्या जाऊ असं पंढरीने ठरवलं. खरं म्हणजे उद्या म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

शुक्रवारी तो मंडईकडे निघाला. तुळजाला काही सांगितलं नाही. रामनाथचं दुकान म्हणजे एक खोका, त्यात भिंतभर टांगलेली घड्याळं, आणि मध्ये डोळ्याला भिंग लावून बसलेला रामनाथ. पंढरी समोरच्या नारळवाल्याजवळ उभा राहिला. काय बोलायचं ते मनात घोळवत होता. 'शेठनी पाठवलंय.' पुढे काय? 'पुरावा काय?' असं रामनाथ म्हणाला तर? निम्मे लूम बंद पडलेल्या शेठचा जॉबर, फडक्यात गुंडाळलेलं सोनेरी घड्याळ घेऊन. पंढरीला स्वतःलाच स्वतःचा संशय यायला लागला.

तरी तो दोन पावलं पुढे गेला. तेवढ्यात दिसलं की खोक्याच्या कडेला स्टुलावर एक हवालदार बसलाय. जाडजूड, मिशीवाला, टोपी मांडीवर ठेवून आरामात. रामनाथ त्याच्या घड्याळाचा पट्टा लावून देत होता.

पंढरीने मागे वळायचं ठरवलं, पण पाय वळेनात. हवालदाराने मान वर केली आणि थेट त्याच्याकडेच बघितलं.

"काय रे, किती वाजले?"

डाव्या हातावर, फडक्याखाली, ते टिकटिकत होतं. त्याला वाटलं, मंडईतल्या सगळ्या गोंगाटातून ते हवालदाराला ऐकू जातंय.

"साहेब, माझ्याकडं घड्याळ न्हाय."

"या रामनाथकडे भिंतभर आहेत. प्रत्येकाचं वेगळंच," हवालदार म्हणाला. "दुरुस्तीवाल्याकडे वेळ विचारू नये, एवढं कळलं मला आज."

रामनाथ हसला. हवालदारही हसला. पंढरीने हसायचा प्रयत्न केला, नारळवाल्याकडून नको असलेला नारळ घेतला, आणि घरी येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर त्याने घड्याळ सोडलं आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवलं. उद्या बाळारामला लूम सांभाळायला सांगू, सकाळीच जाऊ, हवालदार रोज थोडाच बसतो तिथे, असं त्याने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या दारात चपलांचा ढीग होता.

रात्री शेठना दुसरा झटका आला होता. जीव वाचला, पण वाचा गेली. आजारपण काढायला सिराजची फुफी, म्हणजे शेठची बहीण, आली होती, ती उशाशी बसून होती. पंढरी खोलीच्या उंबऱ्यावर थांबला. आत जायची त्याची छाती होईना. शेठच्या डोळ्यांना डोळे द्यायचे म्हणजे घड्याळाचं काय केलं ते सांगायचं, आणि सगळ्यांसमोर ते सांगायचं कसं? तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. शेठचा उजवा हात पांघरुणावर हालत होता, एवढं त्याला जाणवलं.

"खांदा दुखतोय भाईजानचा," फुफी म्हणत होती. "सारखा हात तिथंच जातो. इशरत, तेल गरम करून आण."

बाहेर सिराजने त्याला गाठलं. "पंढरीमामा, अब्बांचं घड्याळ दिसत नाही. तुम्ही रोज सकाळी त्यांच्याजवळ बसता. शेवटचं कधी पाहिलंत?"

खरं सांगायची वेळ ती होती. पंढरीलाही ते कळलं. पण पुढचा प्रश्न त्याला आधीच ऐकू आला: 'मग ते तुमच्याकडे कसं?' आणि त्याचं उत्तर ज्याच्याकडे होतं, त्याचं तोंड मिटलं होतं.

"लक्ष न्हाय राहिलं, सिराजभाई," तो म्हणाला.

एवढं एकच वाक्य. पण त्यानंतर त्याला जेवण गेलं नाही. आता घड्याळ परत केलं तर चोर. विकलं तर चोर. डब्यात ठेवलं तरी चोरच. रस्त्याने जाताना कुणी हाक मारली की तो पावलं झपाझप उचले. कामावरून तो आडवाटेने घरी येऊ लागला. शेठच्या खोलीत जायचं त्याने बंदच केलं; उंबऱ्यावरून "बरं हाय ना?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत परतायचा.

डब्यातले तांदूळ तळाला गेले तेव्हा तुळजाच्या मापाला घड्याळ लागलं. तिने ते तांदळासकट ताटात घेऊन नवऱ्यासमोर ठेवलं. पंढरीने सगळं सांगितलं. लचकलेल्या हाताचं, तेलाचं, हवालदाराचं.

"मग जाऊन सांगा की," ती म्हणाली.

"कोण खरं मानंल?"

"मी मानलं न्हवं?"

"तू बायको हायेस."

तुळजाने घड्याळ परत डब्यात ठेवलं. "भात चवीला तसाच लागंल म्हना," ती म्हणाली, पण हसली नाही.

दोन दिवसांनी ठमाबाई त्यांच्या दारात येऊन बसली. ठमाबाई म्हणजे शेठच्या घरी भांडी घासणारी, शेजारच्याच खोलीत राहणारी बाई. तोंडाने फटकळ. तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, आणि आताही ती रडत नव्हती. नुसती पदराचं टोक पिळत होती.

"फुफी म्हणाली, घड्याळ गावेपर्यंत येऊ नको. चोर नाही म्हणाली. येऊ नको म्हणाली. म्हणजे काय गं तुळजे?"

तुळजाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"इशरतची बाळुती धुतलीत मी. तिच्या आईला शेवटचं पाणी पाजलंय. आणि सगळी गल्ली आता माझ्या हाताकडं बघते. दुसऱ्या कुठल्या दारात उभी राहू? आधी विचारतील, तिथलं का सुटलं?" मग ती पंढरीकडे वळली. "तू तरी सांग रे पंढऱ्या त्यांना. तुझं ऐकतात. तू तर मुंगीलापन भितोस, तू कशाला खोटं बोलशील?"

ती गेल्यावर तुळजा म्हणाली, "तुमी भिता तवा मला हसू येतं. आज न्हाय येत."

पंढरी उठला. डब्यात हात घालून त्याने घड्याळ बाहेर काढलं. ते बंद पडलं होतं. तारखेच्या खिडकीत जुनीच तारीख होती. साखळीत अडकलेला तांदळाचा एक दाणा त्याने नखाने काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाही कोपरापर्यंत दुमडली, काटे जुळवले आणि घड्याळ उघड्या मनगटावर बांधलं. फडकं नाही, काही नाही. "आधी ते चालू होऊ दे," तो तुळजाला म्हणाला. "बंद पडलेलं शेठच्या हातात कसं देऊ? संध्याकाळी जाऊन सगळं सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे." बोलताना त्याचा आवाज कापत होता आणि हातही. कापण्यानेच की काय, काटा हालायला लागला.

गल्लीतून जाताना त्याला वाटलं, आपण उघडे चाललोय. कारखान्यात शिरल्या शिरल्या बाळारामची नजर मनगटावर गेली. त्याने बघितलं, परत बघितलं, आणि जवळ येऊन कानाशी ओरडला, "हे कुणाचं?"

"शेठचं."

"सगळी गल्ली ज्याला शोधते ते?"

"व्हय. संध्याकाळी सांगायला जाणार हाय."

बाळाराम मागे सरला. पंढरीच्या जवळून जाताना त्याने अंग चोरलं. इतकी वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाने अंग चोरलं, ते पंढरीला हवालदाराच्या दंडुक्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारच्या सुमाराला मुकादम आला. तयार कापडाचे गठ्ठे बाजारात न्यायचे होते. लूमच्या आवाजात त्याने लांबूनच बाळारामला खूण केली: पंजा खांद्यावर.

पंढरी खाली वाकून एका लूमचा बोल्ट आवळत होता. ती खूण त्याने हजारदा पाहिली असेल. पण त्या दिवशी पान्हा त्याच्या हातातच राहिला.

पांघरुणावर हालणारा तो हात. खांद्याकडे जाणारा. 'खांदा दुखतोय भाईजानचा.'

तो पुसट दिसलेला हात त्याने आता नीट आठवून पाहिला. शेठ दुखरा खांदा चोळत नव्हते. ते पंजा खांद्यावर ठेवत होते, काढत होते, परत ठेवत होते. माल बाजारात नेलास का? माल बाजारात ने. इतके दिवस शेठ बोलत होते, आणि ज्याला ते बोलणं कळलं असतं तो एकच माणूस उंबऱ्यावर उभा राहून आपल्या अंगठ्याकडे बघत होता. आणि फुफी त्या खांद्याला तेल चोळत होती.

पंढरीने लूम थांबवला. बाळारामच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं.

"चल माझ्यासंगट. शेठकडं."

"मी कशाला? मला मधी घेऊ नका."

"तुलाच घ्यायचा हाय. शेठ हाताने बोलतात. मी सांगितलं तर माझंच सांगणं होईल. तू वाच."

शेठच्या घरी पोहोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. सिराज ओटीवरच उभा होता. त्याची नजर पंढरीच्या मनगटावर होती. तो ओरडला नाही; ओरडला असता तर पंढरीला सोपं गेलं असतं.

"मामा," तो म्हणाला, "मला तुम्ही सायकल शिकवलीत."

"सिराजभाई, मला आत येऊ द्या. मग पोलिसाला बोलवा नाहीतर काय बी करा."

"पोलीस कुठून बोलावू? पावती कुठे आहे त्याची?" सिराज कडवट हसला आणि बाजूला झाला.

खोलीत फुफी होती, इशरत होती. पंढरीने उंबरा ओलांडला. या वेळी त्याने मान वर ठेवली आणि शेठच्या डोळ्यांत बघितलं. शेठच्या डोळ्यांत राग नव्हता. वाट बघून थकलेल्या माणसाचे डोळे होते ते.

पंढरी बिछान्यापासून लांब, भिंतीला टेकून उभा राहिला. दोन्ही हात त्याने पाठीमागे बांधले, म्हणजे आपण काही खुणावलं असं कुणी म्हणायला नको. मग मोठ्याने म्हणाला, "शेठ, बाळाराम आलाय. तुमी बोला. तो सांगेल."

शेठनी बाळारामकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात उठला. आधी त्यांनी आपल्या निर्जीव डाव्या मनगटावर बोट आपटलं. मग पंजा खांद्यावर ठेवला.

"पुन्हा खांदा," फुफी पुटपुटली.

"खांदा नाही," बाळाराम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "ही आमची खूण आहे. माल बाजारात न्या. शेठ म्हणतात, घड्याळ... घड्याळ बाजारात न्यायचं."

शेठचं बोट भिंतीकडे गेलं.

"पंढरीदादाने न्यायचं."

सिराज पुढे आला. "अब्बा, तुम्ही सांगितलंत? विकायला?"

शेठनी मान हलवली. मग त्यांनी हात इशरतकडे केला, आणि तळहात पुस्तकासारखा उघडून डोळ्यांसमोर धरला. ही काही कारखान्यातली खूण नव्हती. बाळाराम गोंधळला. पण इशरतला सांगायला कुणाची गरज पडली नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि ओढणी डोळ्यांना लावली.

सिराज बापाच्या पायथ्याशी बसला. कितीतरी वेळ तो त्या तेलकट खांद्याकडे बघत होता. "मला सांगितलं असतं तर," असं काहीतरी तो म्हणाला. सांगितलं असतं तर त्याने विकू दिलं नसतं, हे त्यालाही माहीत होतं.

शेठचं मात्र संपलं नव्हतं. त्यांनी पंढरीकडे बघत बोट हलवून त्याला जवळ बोलावलं. पंढरी आला. शेठनी सावकाश आपला गाल उशीवरून उचलून तळहातावर टेकवला.

बाळाराम फिस्सकन हसला. "झोपलास काय, म्हणतात."

"न्हाय शेठ," पंढरी म्हणाला. "झोप कुठली. भ्यालो हुतो."

दुसऱ्या दिवशी सिराज आणि पंढरी मिळून मंडईत गेले. घड्याळ पंढरीच्याच हातात होतं, शेठनी तसंच सांगितलं होतं: मनगटावर बोट, पंजा खांद्यावर, आणि बोट पंढरीकडे. आता ते सिराजलाही वाचता येऊ लागलं होतं.

रामनाथच्या खोक्याजवळ स्टुलावर तोच हवालदार बसला होता. पट्टा पुन्हा सैल झाला होता म्हणे. पंढरीची चाल मंदावली. सिराज बरोबर होता, शेठचा शब्द होता, सगळं उजेडात होतं, तरीही मानेवर घाम आलाच. भीती एका दिवसात जात नसते, आणि पंढरीची तर पिढीजात होती.

"तूच ना रे तो?" हवालदार म्हणाला. "नारळ घेऊन गेलेला. आज तरी सांगशील का, किती वाजले?"

पंढरीने बाही वर केली. तबकडी उन्हात चमकली. पावती नव्हती, हे त्याला आठवलं. हवालदार बघतोय, हेही दिसलं. त्याने वेळ सांगितली, मिनिटासकट.

"छान आहे घड्याळ," हवालदार म्हणाला, आणि रामनाथकडे वळून आपल्या पट्ट्याची तक्रार करू लागला.

तो गेल्यावर रामनाथने घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, कानाला लावलं. "फखरुद्दीनशेठचं," तो म्हणाला. "ते तर अंथरुणावर आहेत असं ऐकलं. मग हे इतकं ठणठणीत कसं? मला वाटलं होतं, बंद पडून तेल सुकलं असेल."

"आमचे मामा चालवत होते," सिराज म्हणाला.

रामनाथने योग्य तो भाव दिला. पैसे सिराजने मोजून पंढरीच्या हातात दिले आणि पंढरीने ते नेऊन शेठच्या उजव्या हातात ठेवले, कारण सांगणं तसं होतं. शेठनी ते इशरतला दिले.

ठमाबाईला बोलवायला फुफी स्वतः गेली. ठमाबाई आली, पण पंढरीशी महिनाभर बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, "तुझ्या भीतीपायी माझी अब्रू तांदळाच्या डब्यात पुरलीस रे." पंढरीने मान खाली घातली. ते बोलणं त्याने कधी उलटवलं नाही. पुढे कितीतरी वर्षं, अकलोलीहून नवा तांदूळ आला की पहिली पायली तो ठमाबाईकडे पोहोचवत असे.

इशरत शिक्षिका झाली. ठाण्याला शिकायला गेली त्या पहिल्या दिवशी तिला एसटीने सोडायला पंढरीच गेला होता. दोघांची तिकिटं त्याने मुठीत घट्ट धरली होती. उतरताना ती वाचता येत नव्हती.

शेठ आणखी दोन पावसाळे राहिले. घड्याळ गेलं तरी संध्याकाळी कारखाना सुटला की पंढरी त्यांच्याकडे जायचा, आता उंबरा ओलांडून. शेठ सवयीने उजवा हात पुढे करायचे. त्या हातात द्यायला काही नसे, म्हणून पंढरी आपलं मनगटच त्यात द्यायचा. शेठ ते नाडीपाशी धरून, डोळे मिटून थोडा वेळ पडून राहायचे. मग मान हलवायचे, आणि पंढरी घरी जायचा.